ट्रामचा चीत्कार आणि हेतूविना घडणारी हिंसा

शहरातल्या अरुंद वळणावर ट्राम वळते तेव्हा तिच्या चाकांतून पुष्कळदा एक तीव्र, एकसुरी, कानात घुसणारा आवाज निघतो. हा चीत्कार काही सेकंदांचाच असतो. पण ज्या घरांच्या खिडक्या त्या वळणावर उघडतात, त्यांच्या वाट्याला तो पहाटेच्या पहिल्या गाडीपासून रात्रीच्या शेवटच्या गाडीपर्यंत येत राहतो. तो कोणालाच हवा नसतो. चालकाला नाही, प्रवाशाला नाही, ट्राम चालवणाऱ्या संस्थेला तर नाहीच. कारण ज्या घसरणीतून आवाज निघतो, तिच्यातूनच चाके आणि रूळ झिजतात. सर्वांच्या सोयीसाठी चाललेल्या व्यवस्थेतून, कोणाच्याही इच्छेविना, थोड्यांना होणारा हा त्रास नीतिविचारातला एक जुना प्रश्न पुढे आणतो : हेतू नसताना झालेल्या इजेची जबाबदारी कोणावर, आणि ती कोणत्या क्षणापासून?

आवाजाचे कारण

या प्रश्नाचे उत्तर शोधण्याआधी आवाज कसा होतो ते पाहावे लागते, कारण पुढचा सारा विचार त्यावर उभा आहे. ट्रामच्या डब्याखाली चाकांच्या चौकटी असतात. त्यांना बोगी म्हणतात. अशा एका चौकटीत सहसा दोन आसा एकमेकींना समांतर बसवलेल्या असतात. सरळ मार्गावर त्यात अडचण नसते. वळणावर मात्र प्रत्येक आस वळणाच्या केंद्राकडे रोखलेली असायला हवी, आणि समांतर जखडलेल्या दोन आसांना ते एकाच वेळी शक्य होत नाही. पुढची आस तिरपी पडते. दोन आसांतले अंतर 1.8 मीटर आणि वळणाची त्रिज्या 25 मीटर असेल, तर हा तिरपेपणा 4 अंशांच्या आसपास जाऊ शकतो. मग चाक फिरत पुढे जाते आणि त्याच वेळी रुळाच्या माथ्यावरून आडवे घसरते. लांब पल्ल्याच्या रेल्वेची वळणे शेकडो मीटर त्रिज्येची असल्याने तिथे ही घसरण अल्प राहते. ट्रामला मात्र घरांच्या कोपऱ्यांमधून वाट काढावी लागते.

आडवी घसरण सलग होत नाही. चाक क्षणभर रुळाला धरते, सुटते, पुन्हा धरते, आणि हे सेकंदाला शेकडो ते हजारो वेळा घडते. व्हायोलिनच्या तारेवर गज फिरतो तेव्हा हीच क्रिया होते. पोलादी चाकात कंपन विझवण्याची शक्ती फार थोडी असते, त्यामुळे एकदा सुरू झालेले कंपन वाढत जाते आणि चाकाचा सपाट भाग ते हवेत फेकतो. माणसाचा कान साधारण 2,000 ते 5,000 हर्ट्झच्या पट्ट्यात सर्वांत तीक्ष्ण असतो, आणि चीत्काराचा बराच भाग नेमका तिथे किंवा त्याच्या जवळपास पडतो.

हे स्पष्टीकरण फार जुने नाही. काटकोनी वळणात बाहेरचा रूळ आतल्या रुळापेक्षा सव्वादोन मीटरने लांब पडतो. दोन्ही चाके एकाच आसेवर घट्ट असल्याने त्यांपैकी एकाला घसरावेच लागते, म्हणून आवाज होतो, असे एक मत होते. चाकाची कड रुळाच्या बगलेला घासते म्हणून आवाज होतो, असे दुसरे. 1976 मध्ये एम. जे. रड यांनी आडवी घसरण हेच मुख्य कारण असल्याचे मांडले, आणि 1988 मध्ये सी. जे. एम. व्हॅन रायटन यांनी खास ट्रामच्या चीत्काराचा अभ्यास प्रसिद्ध केला. घसरण्याचा वेग वाढताना घर्षण घटत जाते म्हणून कंपन पोसले जाते, की चाकाची दोन निरनिराळी कंपने एकमेकांत मिसळून ते वाढते, यावर तज्ज्ञांत आजही चर्चा चालते.

उपाय या कारणाच्या निरनिराळ्या कड्यांवर काम करतात. वळणाची त्रिज्या वाढवली किंवा आसांना वळणानुसार थोडे फिरू दिले, तर तिरपेपणाच कमी होतो. चाकाचा गाभा आणि बाहेरचे कडे यांच्यामध्ये रबर बसवले, किंवा चाकाला कंपन शोषणारी कडी जोडली, तर कंपन वाढण्याआधीच विझते. रुळाच्या माथ्यावर विशिष्ट लेप दिला तर घर्षणाचा स्वभाव बदलतो. पाणी फवारूनही आवाज थांबवता येतो. पावसात ओल्या रुळावर चीत्कार बहुधा ऐकू येत नाही, तो याचमुळे.

हेतू आणि प्रमाद

कृत्याचे नैतिक मोल हेतूवर ठरते की परिणामावर, या वादात भारतीय परंपरांनी दोन स्पष्ट भूमिका घेतल्या. बौद्ध विचारात चेतना, म्हणजे करण्याची इच्छा, हेच कर्म मानले आहे. धम्मपदाच्या अट्ठकथेत चक्खुपाल नावाच्या अंध स्थविराची कथा येते. चंक्रमण करताना, म्हणजे येरझारा घालताना, त्याच्या पायाखाली किडे मेले आणि इतर भिक्खूंनी त्याला दोष दिला. त्याला ते दिसत नव्हते आणि मारण्याची इच्छाही नव्हती, म्हणून बुद्धांनी त्याला निर्दोष ठरवले. मज्झिमनिकायातल्या उपालिसुत्तात हाच मुद्दा निर्ग्रंथांशी, म्हणजे जैनांशी, झालेल्या वादाच्या रूपाने येतो. तिथे बुद्ध मनाच्या कृत्याला शरीराच्या कृत्याहून अधिक वजन देतात.

जैन विचार केवळ परिणामावर बोट ठेवतो, असा समज त्या वादावरून होऊ शकतो. जैन ग्रंथ मात्र वेगळे सांगतात. उमास्वातींच्या तत्त्वार्थसूत्रात हिंसेची व्याख्या प्रमादाशी जोडलेली आहे : बेसावध वर्तनातून प्राणहानी होणे म्हणजे हिंसा. कुंदकुंदांच्या प्रवचनसारात हा विचार आणखी पुढे जातो. बेफिकीरपणे वागणाऱ्याच्या हातून कोणी मेले नाही तरी तो हिंसेचा दोषी ठरतो. पूर्ण काळजी घेऊन चालणाऱ्याच्या पायाखाली जीव गेला तरी केवळ तेवढ्याने त्याला कर्मबंध होत नाही. साधूच्या पाच समितींत चालण्याची, बोलण्याची, वस्तू उचलण्या-ठेवण्याचीही शिस्त सांगितली आहे, ती याच कारणाने.

ट्रामच्या बाबतीत ही दुसरी भूमिका अधिक उपयोगी पडते. केवळ हेतू पाहिला तर चीत्कारात दोषी कोणीच नाही आणि विचार तिथेच संपतो. केवळ परिणाम पाहिला तर झोप मोडलेल्या प्रत्येक रात्रीसाठी ट्राम दोषी ठरते, तिने वाहिलेल्या हजारोंचा हिशोब न करता. प्रमादाची कसोटी यांच्यामधला खरा प्रश्न विचारते : टाळता येण्याजोगी इजा टाळण्यासाठी पुरेशी काळजी घेतली गेली का?

अज्ञानाची सवलत

काळजी घेण्यासाठी आधी कळावे लागते. महाभारताच्या आदिपर्वात अणीमांडव्य ऋषींची कथा आहे. सुळावर चढवल्या गेलेल्या या ऋषींनी आपल्या यातनांचे कारण धर्मदेवतेला विचारले, तेव्हा लहानपणी त्यांनी किड्यांना टोचले होते त्याचे हे फळ, असे उत्तर मिळाले. नकळत्या वयातल्या कृत्याला एवढी शिक्षा अन्यायाची आहे, असे म्हणून ऋषींनी धर्मालाच शाप दिला आणि चौदा वर्षांपर्यंत केलेल्या कृत्याचे पाप लागणार नाही, अशी मर्यादा घातली. समज येण्याआधी जबाबदारी नाही आणि समज आल्यावर सुटका नाही, असे दुहेरी तत्त्व त्या मर्यादेत आहे.

ॲरिस्टॉटलने निकोमाकीय नीतिशास्त्राच्या तिसऱ्या भागात त्याला एक महत्त्वाची जोड दिली. जे अज्ञान माणसाच्या स्वतःच्या दुर्लक्षातून आले, ते त्याला दोषमुक्त करत नाही. जे सहज जाणून घेता आले असते ते न जाणण्याची जबाबदारीही त्याचीच.

चीत्काराच्या इतिहासात ही पायरी जवळजवळ तारखेनिशी दाखवता येते. 1881 मध्ये बर्लिनजवळच्या लिख्टरफेल्डे इथे विजेची ट्राम धावू लागली तेव्हा वळणावरचा आवाज हा पोलादाचा स्वभाव मानून सोसण्यापलीकडे फारसे काही हाती नव्हते. 1936 पासून अमेरिकेत धावू लागलेल्या पीसीसी ट्रामच्या चाकांत रबर आले आणि आवाज कमी करता येतो हे दिसले. कारण नीट उलगडण्याआधी उपाय हाती आला होता. पुढच्या काही दशकांत कारणही कळले. ज्या दिवशी आवाज अटळ राहिला नाही, त्या दिवसापासून त्याचा नैतिक दर्जा बदलला. नवीन वळण आखताना किंवा नवीन गाड्या मागवताना त्याचा विचार न करणे हा आता अपघात राहत नाही. तो प्रमाद होतो. ज्ञान जबाबदारीची सीमा पुढे सरकवते, आणि तंत्रज्ञानाच्या नीतिविचारातली ही सर्वांत मोलाची गोष्ट आहे.

कृत, कारित आणि अनुमोदित

जबाबदारी कोणाची हे ठरवणे मात्र सोपे नाही. रस्त्याचा कोपरा ट्राम येण्याच्या कितीतरी आधीचा असतो. वळणाची त्रिज्या मार्ग आखणाऱ्याने ठरवली, आसांतले अंतर गाडी बांधणाऱ्याने, रुळाची देखभाल तिसऱ्याच्या हाती, वेळापत्रक चौथ्याच्या. चालकाच्या हाती फक्त वेग असतो, आणि वेग कमी केल्याने चीत्कार नेहमी थांबतोच असे नाही. प्रत्येकाचे कृत्य स्वतंत्रपणे निर्दोष वाटते. त्यांच्या बेरजेतून इजा होते.

इथे जैन विचारातले आणखी एक वर्गीकरण कामी येते. कृत्य स्वतः केलेले असते, दुसऱ्याकडून करवून घेतलेले असते किंवा संमती देऊन मान्य केलेले असते. कृत, कारित आणि अनुमोदित या तिन्ही प्रकारांत कर्त्याचा वाटा धरला जातो. त्यानुसार ट्राम चालवणारी संस्था एकटी उरत नाही. सर्वांत कमी किमतीची निविदा मंजूर करणारी नगरपालिका कारित कृत्यात येते. ट्रामची सोय घेणारा आणि वळणावरच्या घरांचा विचार न करणारा प्रवासी अनुमोदनात येतो. त्याचा दोष मोठा नाही, पण शून्यही नाही. त्याचे तिकीट किंवा कर किंचित वाढून वळणांचा उपाय होणार असेल, तर ती वाढ नाकारण्याचा नैतिक आधार त्याच्याकडे राहत नाही.

थोड्यांचा त्रास, अनेकांची सोय

यावर उपयुक्ततावादाच्या बाजूने एक आक्षेप निघतो. बेंथमच्या परंपरेत सुखदुःखांची बेरीज हा निकष आहे. एका ट्राममध्ये दीडशे-दोनशे माणसे जातात, दिवसभरात हजारो. वळणावर राहतात थोडी कुटुंबे. बेरीज ट्रामच्या बाजूने झुकते, मग प्रश्न उरतो कुठे?

जॉन रॉल्स यांनी 1971 मध्ये या बेरजेवरच हरकत घेतली : निरनिराळ्या माणसांची सुखदुःखे एकाच खात्यात जमा केली की माणसे वेगवेगळी आहेत हेच विसरले जाते. टी. एम. स्कॅनलन यांनी 1998 च्या ग्रंथात याचे एक ठसठशीत उदाहरण दिले. दूरचित्रवाणी केंद्रात एका कर्मचाऱ्याच्या हातावर यंत्र पडले आहे आणि त्याला असह्य वेदना होत आहेत. त्याला सोडवायचे तर असंख्य लोक पाहत असलेला विश्वचषकाचा सामना पंधरा मिनिटे बंद करावा लागेल. प्रेक्षक कितीही असले तरी त्यांच्या लहान सुखांची रास करून त्या माणसाच्या वेदनेपुढे ठेवता येत नाही, असे स्कॅनलन म्हणतात. चीत्काराचा त्रास त्या वेदनेच्या जवळपासही नसतो. पण तर्क तोच लागू होतो. तुलना एका रहिवाशाची रोजची मोडलेली झोप आणि एका प्रवाशाच्या वाट्याला येणारा उपायाचा खर्च यांच्यात करावी लागते, आणि तशी केली की पारडे रहिवाशाकडे झुकते.

आवाज मोजण्याच्या पद्धतीतही बेरजेचा हाच दोष शिरतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या युरोप विभागाने 2018 मध्ये रुळांवरच्या वाहतुकीसाठी दिवस-संध्याकाळ-रात्र मिळून 54 डेसिबल आणि रात्रीसाठी 44 डेसिबल या पातळ्यांखाली राहण्याची शिफारस केली. या पातळ्या वर्षभराच्या सरासरीच्या आहेत. दहा सेकंदांचा चीत्कार सरासरीत विरघळतो. झोपेतून दचकून उठणाऱ्या माणसाला सरासरी ऐकू येत नाही. म्हणूनच एकसुरी, टोचणाऱ्या आवाजासाठी मोजमापात काही डेसिबलची भर घालण्याची पद्धत आहे. ही भर तांत्रिक दिसते, पण तिच्यामागे नैतिक निर्णय आहे : इजा कशी लागते हे सोसणाऱ्याच्या जागेवरून पाहायचे.

कायद्यानेही याच वाटेने हळूहळू प्रवास केला. 1869 मध्ये हॅमरस्मिथ रेल्वे विरुद्ध ब्रँड या खटल्यात ब्रिटिश हाउस ऑफ लॉर्ड्सने संसदेच्या परवानगीने आणि निष्काळजीपणाविना चाललेल्या गाड्यांच्या हादऱ्यांसाठी भरपाई नाकारली. 1973 च्या भूमी भरपाई कायद्याने सार्वजनिक कामांच्या आवाज-हादऱ्यांमुळे घटलेल्या मालमत्तेच्या किमतीची भरपाई इंग्लंडमध्ये मान्य केली. 1914 मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने रिचर्ड्स विरुद्ध वॉशिंग्टन टर्मिनल या खटल्यात नेमकी रेषा आखली. रेल्वेशेजारी राहणाऱ्या सर्वांना होणारी सामान्य गैरसोय सोसावी लागेल. पण बोगद्यातला धूर यंत्राने ओढून एका विशिष्ट घरावर सोडला जात असेल, तर त्या घरावरचा तो खास बोजा भरून द्यावा लागेल. सरळ मार्गावरचा ट्रामचा घरघराट आणि वळणावरचा चीत्कार यांच्यातला भेद याच रेषेवर पडतो.

आधी कोण आले?

वळणावर राहायला येणाऱ्याला ट्राम दिसत नव्हती का, असा प्रश्न हमखास विचारला जातो. 1879 च्या स्टर्जेस विरुद्ध ब्रिजमन या खटल्यात लंडनचा एक मिठाईवाला वीस वर्षांहून अधिक काळ खलबत्ते चालवत होता; शेजारच्या डॉक्टराने नंतर त्याच्या भिंतीलगत तपासणीची खोली बांधली आणि आवाजाची तक्रार केली. न्यायालयाने डॉक्टरच्या बाजूने निकाल दिला. आधी येणे म्हणजे त्रास देण्याचा हक्क मिळणे नव्हे, हे त्यातून स्पष्ट झाले. 1960 मध्ये रोनाल्ड कोस यांनी याच खटल्याचा आधार घेऊन इजा दुहेरी असते असे मांडले : मिठाईवाल्याला थांबवणे हीही एक इजाच. तेव्हा कमी खर्चात कोण टाळू शकतो ते पाहावे, आणि सौदा करणे स्वस्त असेल तर दोघे आपसात मिटवतील.

ट्रामच्या वळणावर असा सौदा होत नाही. शेकडो भाडेकरू, वृद्ध आणि लहान मुले एका मोठ्या संस्थेशी वाटाघाटी करू शकत नाहीत. स्वस्त घर म्हणून ज्यांनी वळणावरचे घर घेतले, त्यांनी आवाज स्वेच्छेने पत्करला असेही म्हणता येत नाही. पर्याय नसलेल्याची संमती ही संमती नव्हे. शिवाय टाळण्याची खरी क्षमता ट्रामकडे आहे. रहिवासी फार तर खिडक्या बंद करू शकतो. रूळ, चाक आणि लेप त्याच्या हाती नाहीत. ज्याच्या हाती उपाय, त्याच्याकडे कर्तव्य, असे इथे म्हणावे लागते.

शांतता आणि सुरक्षितता

चीत्कार थांबवण्याचा सर्वांत सरळ मार्ग ट्रामच बंद करण्याचा. मुंबईत 1874 साली घोड्यांनी ओढलेली आणि 1907 पासून विजेची ट्राम धावली आणि 31 मार्च 1964 रोजी थांबली. त्यामागचे कारण आवाज नव्हता, पण त्यानंतर मुंबईचे रस्ते शांत झाले नाहीत हे सर्वांसमोर आहे. एका माध्यमाची इजा काढून दुसऱ्याची मोठी इजा आणणे हा उपाय होत नाही.

दुसरी अडचण अधिक गंभीर आहे. रुळाला भरपूर तेल लावले तर आवाज थांबेल, पण ट्रामचा ब्रेकही घसरेल, आणि त्याच रस्त्यावरच्या सायकलस्वाराचे चाकही. इथे दोन कर्तव्ये समोरासमोर येतात : झोप वाचवणे आणि जीव वाचवणे. जीव पहिला, यात संशय नाही. पण हा पेच जेवढा दिसतो तेवढा घट्ट नाही. चीत्काराला घर्षणाचे केवळ प्रमाण कारणीभूत नसते. घसरण वाढताना घर्षण कसे बदलते यावर बरेच अवलंबून असते. म्हणून आजचे लेप घर्षण नाहीसे करत नाहीत. ते घर्षणगुणक 0.3 ते 0.4 च्या आसपास, ब्रेक लागण्याइतका, ठेवतात आणि घसरणीबरोबर तो घटू देत नाहीत. रुळाच्या बगलेला वंगण आणि माथ्यावर लेप, असे दोन्हींचे काम वेगळे ठेवले जाते. अनेक नैतिक पेच असेच असतात : दोन चांगल्या गोष्टींतून एकच निवडता येईल असे वाटते ते विषय पुरता कळलेला नसतो म्हणून. अशा वेळी कारणांचा शोध घेत राहणे हाच नीतीचा भाग ठरतो.

कर्तव्याचा क्रम

यातून जबाबदारीचा एक क्रम उभा राहतो. पहिले कर्तव्य आखणीचे : नवीन मार्गावर शक्य तेवढे मोठे वळण, आणि नवीन गाडीत वळणाला साजेशी चाके. दुसरे देखभालीचे : रूळ घासून त्यांचा आकार राखणे, लेप वेळेवर देणे, तक्रार आलेल्या वळणाचे मोजमाप सरासरीने न करता प्रत्यक्ष गाडीगणिक करणे. तिसरे वाटपाचे : जो आवाज सर्व प्रयत्नांनंतर उरतो, त्याचा बोजा एकट्या वळणावरच्या घरांवर न टाकता जाड काचा, भरपाई किंवा रात्रीच्या वेळापत्रकातला बदल यांच्या रूपाने सर्वांनी वाटून घेणे. 1789 च्या फ्रेंच मानवी हक्कांच्या जाहीरनाम्यात सार्वजनिक खर्चाचा भार सर्व नागरिकांनी समान वाटून घ्यावा असे कलम आहे; फ्रेंच न्यायविचारात पुढे सार्वजनिक बोज्यापुढे सर्वांची समानता हे तत्त्व रुजले. तिसरे कर्तव्य त्याच तत्त्वावर टिकते.

पूर्ण निःशब्द ट्राम होणार नाही. भगवद्गीतेच्या अठराव्या अध्यायात धुराने अग्नी झाकलेला असतो तशी सर्व कर्मे दोषाने वेढलेली असतात, आणि म्हणून सहज प्राप्त झालेले कर्म सदोष असले तरी टाकू नये, असे सांगितले आहे. या विचाराचा आधार घेऊन उरलेला आवाज सोसायला सांगता येते, पण एका अटीवर. दोष अटळ आहे असे म्हणण्याचा अधिकार टाळता येण्याजोगा दोष टाळून झाल्यावरच मिळतो. त्याच ग्रंथातला लोकसंग्रहाचा आदर्श लोकांना धरून ठेवण्याचा आहे, आणि वळणावरच्या घरातला माणूसही त्या लोकांतच मोडतो. सार्वजनिक सोय खऱ्या अर्थाने सार्वजनिक तेव्हाच होते, जेव्हा तिची किंमत सोसणाऱ्याचा हिशोब ती वापरणाऱ्याच्या हिशोबाइतक्याच काळजीने ठेवला जातो.